विश्लेषण : टाइमशेअरची देखभाल फी थांबवावी की ग्राहक आयोगात जावे?

मॉलमधील स्टॉलवर कूपन भरले, हॉटेलात चहापान झाले आणि २५ वर्षांच्या सुट्ट्यांचे सभासदत्व गळ्यात पडले. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या नोकरदारांना हा अनुभव नवा नाही. दिवाळीत कारखाना आणि शाळा दोन्ही बंद असतात, पण नेमके तेव्हाच रिसॉर्ट ‘फुल्ल’ असते. वार्षिक देखभाल फीचे बिल मात्र न चुकता येते. मग बिल भरणेच थांबवावे का?

फीचा खरा भार किती?

समजा, फी २० हजार रुपये आहे आणि १५ वर्षे बाकी आहेत. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर पंधराव्या वर्षीचे बिल सुमारे ३९,६०० रुपये होते. १५ वर्षांचा एकूण भरणा सुमारे ४ लाख ३१ हजारांवर जातो. सभासदत्वाची मूळ किंमत यात धरलेली नाही.

फी भरलीच नाही तर?

आधी बुकिंग बंद होते. मग व्याज लागते आणि नोटीस येते. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. मात्र समन्स आल्यावर गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल लागू शकतो. थकबाकीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. ती संपण्यापूर्वी सभासदाने थकबाकी लेखी मान्य केली, तर मुदत नव्याने सुरू होते. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात भरतो’ असे लिहून देताना विचार करावा.

सभासदत्वासाठी बँकेचे कर्ज घेतले असेल, तर तो विषय वेगळा. हप्ता थकला की ‘सिबिल’ बिघडते. फीच्या रागात हप्ता थांबवू नये.

तक्रार कुठे करायची?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. करारात दुसऱ्या शहराचे नाव असले, तरी निगडीचा सभासद पुणे जिल्हा आयोगात जाऊ शकतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोग तक्रार ऐकतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो.

करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. ‘एमार एमजीएफ’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. करारच एकतर्फी आणि अन्यायकारक असल्याचा दावा असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

‘पैसे वाढून परत मिळतील’ असे सांगून विकले असेल तर?

मग प्रश्न फीपुरता उरत नाही. बाणेरच्या रस्त्याला ज्याचे नाव मिळाले, त्या पॅनकार्ड क्लब्जची खोल्यांच्या रात्री विकणारी योजना ‘सेबी’ने सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली. २०१६ मध्ये सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. अशा आश्वासनाची तक्रार ‘सेबी’कडे करावी.

आता काय करावे?

- बुकिंग नाकारल्याचे प्रत्येक स्क्रीनशॉट, ईमेल तारखेसह जपा.
- फीवाढीचे आणि सभासदत्व सोडण्याचे कलम करारात शोधा.
- देय तारखेआधीच लेखी हरकत नोंदवा, सभासदत्व रद्द करण्याची मागणी करा.
- उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर आयोगात जा.

नुसते गप्प बसून फी थांबवणे हा लढा नव्हे. त्याने पुढची चाल कंपनीच्या हाती जाते. सुट्ट्या उपभोगून फी बुडवणाऱ्याची बाजू तर आणखी लंगडी.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणेही योग्य नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार खरेदीदाराला १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. फीवाढीला मर्यादा आणि बाहेर पडण्याचा ठरलेला मार्ग, एवढे तरी प्रत्येक करारात बंधनकारक व्हायला हवे. तोपर्यंत नाराज सभासदाने दोन वर्षांची मुदत हातची जाऊ देऊ नये.