आधी आजीची पिशवी पाहा
आष्टी, वाटूर, सातोन्याहून परतूरच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती केसपेपरच्या खिडकीशी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पैसे वाचले, पण नाव-गाव-वय सांगत ताटकळणं उरलंच. त्यावर आयुष्मान भारत डिजिटल मिशनने २०२२ मध्ये ‘स्कॅन अँड शेअर’ आणलं. दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयापासून सुरुवात झाली: भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन करायचा, ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्यातली माहिती नोंदणीच्या संगणकावर जाते, टोकन मिळतं. सोय मोठी आहे, यात शंकाच नाही. पण खेड्यात चांगला मोबाईल असतो पोराकडे आणि पोरगं कामाला शहरात. आजी येते ती आधारकार्ड, मागची चिठ्ठी आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट पिशवीत घेऊन. अॅप बनवणाऱ्यांनी आधी त्या पिशवीत डोकावावं. शिवाय २०२२ मध्येच राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णनोंदीची ‘एचएमआयएस’ ही संगणकीय यंत्रणा बंद झाली, तेव्हा डॉक्टरांना पुन्हा हाताने कागद लिहावे लागले होते, हेही विसरू नये. ठळक मराठी अक्षरं, रेंज गेली तरी होणारी नोंद आणि एकाच मोबाईलवर घरातल्या सगळ्यांची खाती, एवढं अॅप बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून द्यावं.