आमवात, रक्तपरीक्षण आणि आपला वनप्रदेश

आमवाताच्या रुग्णास कोणती चिकित्सा लागू पडेल हे रक्तपरीक्षणावरून आधीच सांगता येईल काय, हा प्रश्न अलीकडे वैद्यांच्या बैठकींत वारंवार निघतो. प्रश्न रास्त आहे आणि आपल्या शास्त्राला परका नाही. निदानपंचकात उपशयाला स्थान देऊन आचार्यांनी चिकित्सेला मिळणारा प्रतिसाद हा निदानाचाच भाग मानला आहे. मात्र उपशय औषध दिल्यानंतर कळतो. रक्तातील निदर्शकांकडून तो आधी कळावा अशी अपेक्षा आहे.

या दिशेने काही काम झाले आहे. अँटी-सी.सी.पी. हे प्रतिद्रव्य असलेल्या रुग्णांत सांध्यांची झीज अधिक होते, आणि रिटुक्सिमॅबचा गुणही त्यांना अधिक येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, कोइमतूर येथील ४३ रुग्णांच्या प्राथमिक अभ्यासात आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोहोंचा संयोग यांचे परिणाम जवळपास सारखे आढळले. २०१२ सालच्या दुसऱ्या एका प्राथमिक अभ्यासात वातप्रकृतीच्या रुग्णांत शोथाशी, तर पित्त व कफ प्रकृतींत ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी निगडित जनुकांचा संबंध दिसला. हे सारे आशादायक आहे. परंतु रक्ताचा अहवाल पाहून गुग्गुळकल्प निवडावा, अशी स्थिती अद्याप आलेली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत तर अडचण त्याही आधी सुरू होते. एटापल्ली वा धानोऱ्याकडून सांधे धरून येणारा प्रत्येक रुग्ण आमवाताचाच असेल असे नाही. गोंड, माडिया, परधान आणि इतरही काही समाजांत सिकलसेलचा आजार आहे. त्यातही सांधे ठणकतात, सुजतात आणि ज्वर येतो. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या झाल्या की त्यांची चळत नीट बसत नाही, त्यामुळे शोथ असूनही ई.एस.आर. कमी येऊ शकतो. उलट, साध्या पांडुरोगात तो वाढलेला दिसतो. कुष्ठरोग आणि क्षय यांत आर.ए. फॅक्टर सकारात्मक येऊ शकतो, आणि चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी कित्येक महिने आमवाताची नक्कल करते. अशा प्रदेशात एका आकड्यावरून निदान करणे आणि त्यावरून प्रतिसादाचे भाकीत करणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे होय.

येथे केवळ निदान चुकण्याचा प्रश्न नाही. आमवाताच्या चिकित्सेचा आरंभ लंघन आणि रूक्ष स्वेदाने होतो, पुढे विरेचनही येते. सिकलसेलच्या रुग्णात शरीरातील पाणी कमी झाले की वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. एकास हितकर ठरणारी चिकित्सा दुसऱ्यास रुग्णालयात पोहोचवू शकते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, या दोन जिल्ह्यांत आमवाताची शोधन-लंघनादी चिकित्सा आरंभण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी अवश्य करून घ्यावी. सोल्युबिलिटी चाचणी सोपी आहे; पण ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही, तेव्हा सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने खात्री करावी. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ही तपासणी गावागावांत नेली आहे. रुग्णाकडे तिचे कार्ड असल्यास ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर आर.ए. फॅक्टर, अँटी-सी.सी.पी., ई.एस.आर. आणि सी.आर.पी. यांची आरंभीची नोंद, तिच्या शेजारीच प्रकृती, अग्नी आणि साम-निरामावस्था लिहावी. ई.एस.आर. व सी.आर.पी. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. अँटी-सी.सी.पी. ठळकपणे सकारात्मक असून सांधे सुजलेले असतील, तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठविण्यात विलंब नको. सांध्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते, आणि गेलेला सांधा कोणत्याही पॅथीने परत येत नाही.

औषधालयांच्या चालकांनाही विनंती आहे. ‘वाताचा त्रास’ एवढ्याच शब्दांवर सिंहनाद गुग्गुळ देण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, एवढे विचारावे. विरेचक द्रव्य असलेला तो कल्प वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

अशा नोंदी प्रत्येक चिकित्सालयात काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या, तर कोणता रुग्ण कोणत्या चिकित्सेने बरा होतो, याचे उत्तर आपल्याच रुग्णांतून मिळू लागेल. तोवर भाकिताची घाई न करता आधी रुग्ण ओळखावा, हेच आम्हांस उचित वाटते.