स्वामीजी आधी हिप्परग्याचे मास्तर होते

आज 22 जानेवारी. स्वामी रामानंद तीर्थांची पुण्यतिथी. 1972 साली याच तारखेला ते हैदराबादला गेले. सकाळपासून भगव्या कपड्यातला तोच एक फोटो आणि खाली 'विनम्र अभिवादन', आठ-दहा ग्रुपवर येऊन पडलंय. मीही एक टाकलाच. मग वाटलं, नुसतं अभिवादन करून मोकळं होण्यापेक्षा थोडं लिहावं.

आपण त्यांना ओळखतो ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला आहे. 17 सप्टेंबरला प्रत्येक भाषणात त्यांचं नाव येतं. पण हा माणूस मराठवाड्यात आला तो पुढारी म्हणून आला नव्हता. मास्तर म्हणून आला होता. तेही कुठं, तर आपल्या औसा तालुक्याची शीव ओलांडली की लागतो त्या लोहारा तालुक्यात, हिप्परग्याला.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 1903 चा, सिंदगीचा. 1920 मध्ये टिळक गेले तेव्हा सतरा वर्षंही पूर्ण नव्हती. त्याच वेळी या पोरानं ठरवलं, लग्न करायचं नाही, आयुष्य देशाला द्यायचं. पुढं टिळक विद्यापीठात शिकले, कामगार पुढारी ना. म. जोशींसोबत काम केलं. मुंबई-दिल्ली बघितलेला माणूस. आणि तिथून आला कुठं, तर निजामाच्या राज्यातल्या एका आडगावच्या राष्ट्रीय शाळेत, मुख्याध्यापक म्हणून.

त्या काळात शाळा चालवणं म्हणजे काय होतं, हे समजून घ्या. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. सभा घ्यायची तरी परवानगी, त्यासाठी 'गश्ती निशान 53' हा फतवाच होता. वरचं शिक्षण उर्दूतून. अशा राज्यात 1921 पासून हिप्परग्यात मराठी लेकरांची राष्ट्रीय शाळा चालू होती. तिथं असतानाच त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन हिमालयात नाही गेले, वर्गातच राहिले. पुढं अंबाजोगाईला गेले, तिथंही शाळाच. 1938 ला सत्याग्रह करून जेलमध्ये गेले तेव्हा पाठीशी शिकवण्याची कितीतरी वर्षं होती.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुक्तिसंग्रामाला माणसं लागली, तेव्हा ती काही आकाशातून पडली नाहीत. अशा शाळांतल्या बाकांवरून, शिक्षकांच्या खोल्यांतून ती निघाली. म्हणजे लढा 1938 ला दिसला, पण त्याची पेरणी आधीच फळ्यासमोर झाली होती.

स्वातंत्र्यानंतरही बघा. 1952 ला गुलबर्ग्यातून आणि 1957 ला औरंगाबादमधून लोकसभेवर गेले, पण खुर्चीला चिकटले नाहीत. 1962 नंतर निवडणुकीच्या राजकारणापासून लांबच राहिले. पण 1950 मध्येच नांदेडला शिक्षण संस्था आणि पीपल्स कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेऊन ठेवला होता. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर अशा कॉलेजांतून निघालाय.

आता आजचं बोलतो. थोडं कडू लागेल.

आपल्याकडं दरवर्षी 31 मेला सेवापूर्तीची झुंबड असते. कारण सगळ्यांना माहिती आहे. जुन्या पिढीत निम्म्या लोकांची जन्मतारीख 1 जून, गुरुजींनीच दाखल करताना लावून दिलेली. शाल, श्रीफळ, फेटा, जेवण. मी पत्रकार आहे, अशा शेकडो बातम्या मी छापल्यात. 'भावपूर्ण निरोप' हा मथळा तर झोपेतसुद्धा लिहीन. पण खरं सांगतो, त्या गुरुजींच्या वर्गावर 1 जूननंतर कोण येणार, हे मी एकदाही त्या बातमीत विचारलं नाही. ही चूक माझी.

जागा रिकाम्या राहतात, दोन वर्ग एकत्र बसतात, लेकरं खिचडी खाऊन घरी जातात. जुलै 2023 मध्ये सरकारनं तोडगा काढला, निवृत्त शिक्षकांनाच महिना 20,000 मानधनावर पुन्हा घ्यायचं. डीएड करून भरतीची वाट बघणारी पोरं चिडली, आणि त्यांचं बरोबरच होतं. रिकामी जागा ही त्या पोरांच्या हक्काची आहे. ती कायमची भरलीच पाहिजे, त्यात तडजोड नको.

मग निवृत्त गुरुजींनी काय करावं? काही जण म्हणतील, "आयुष्यभर खडू घासला, आता तरी सोडा की ओ." बरोबर आहे. काही म्हणतील, "आम्ही फुकट शिकवलं तर सरकार भरतीच करणार नाही." ही शंकाही खोटी नाही. म्हणून मी वर्गावर जा म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी एक तास, गावातल्या मंदिरात, समाजमंदिरात नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चौथी-पाचवीच्या दहा लेकरांना समोर बसवा आणि धडा मोठ्यानं वाचून घ्या. एवढंच. हजेरी नाही, अहवाल नाही, फोटोही नको.

हे होतं, मी पाहिलंय. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी भागात शाळा पत्र्याच्या शेडात भरत होत्या. घर गेलेले, माणसं गेलेले मास्तर त्या शेडात उभे राहून पाढे म्हणून घेत होते. त्यांना कुणी 'समाजसेवक' म्हटलं नाही. आमच्या वयाच्या माणसांना मात्र ते अजून आठवतात.

ज्या गुरुजींची आपण 'आदर्श' म्हणून आठवण काढतो, त्यांच्याबद्दल लोकांना विचारून बघा. पुरस्कार कुणालाच आठवत नाही. "मला घरी बोलावून शिकवलं", "फी भरली", "बापाशी भांडून मला दहावीला बसवलं", हेच सांगतात. म्हणजे पगारात नसलेलं काम तेवढं लोकांच्या लक्षात राहतं.

म्हणून पुढच्या वर्षी 22 जानेवारीला फोटो टाकाच, पण त्याच्या आत एकदा लोहाऱ्याच्या रस्त्यानं हिप्परग्याला जाऊन या. जाताना लेकरांना सोबत घ्या. त्यांना सांगा, या गावात एक मास्तर होता, त्याला निजाम घाबरला.

आणि तुमच्या गावात असं शिकवणारे निवृत्त गुरुजी किंवा बाई असतील, तर मला जरूर कळवा. 31 मेची वाट न बघता मी त्यांची बातमी करीन.