दशांश नऊ

हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांसोबत पंतप्रधानांनी दिल्लीतूनच त्याचे उद्घाटन उरकले, त्याचे कवित्व एव्हाना संपले आहे. केसपेपरचा मजकूर संगणकात चालला आहे, हेही सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला बोलायचे आहे ते पडद्यावरच्या एका कोडाबद्दल : एल ७२.९. मानेवर, पाठीवर, कानामागे जी गाठ वर्षानुवर्षे बिनभाड्याने राहते आणि जिला सेनगावपासून वसमतपर्यंत सगळे ‘चरबीची गाठ’ म्हणून मोकळे होतात, तिचे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या दप्तरातले नाव. सविस्तर वाचायचे तर : त्वचेतील व त्वचेखालील रोमकूपाची पुटी, अनिर्दिष्ट. म्हणजे जिनेव्यापासून हिंगोलीपर्यंतच्या समस्त विद्वत्तेचा निष्कर्ष असा की, गाठ आहे.

हे बहात्तरचे घराणे पाहण्यासारखे आहे. शून्यावर एपिडर्मल सिस्ट. एकावर ट्रायकिलेमल, ही बहुधा डोक्यावर बसते. दोनावर स्टिॲटोसिस्टोमा मल्टिप्लेक्स; ही इतकी विरळ की कित्येक सर्जनांना ती पुस्तकातच भेटते, पण तिला स्वतःचा आकडा आहे. आठवर ‘इतर’. आणि इतरांतही जिची सोय लागली नाही, ती नवावर. आठ म्हणजे नाव आहे, पण रकाना नाही. नऊ म्हणजे रकाने आहेत, पण नाव लिहायला कोणाला सवड नाही. हा भेद ज्याने शोधला त्याला आमचा साष्टांग. खरी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, तर या घराण्यातलीच नाही. ती डी १७ मध्ये, अर्बुदांच्या वाड्यात. तिथेही दशांश नऊ आहेच, काळजी नसावी.

या सगळ्याचे मूळ बर्टिलाँ नावाच्या पॅरिसच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडलेली मृत्यूच्या कारणांची यादी. आमची गाठ बापडी कोणाला मारीत नाही, तरी यादीत आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली, अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपल्या विम्याच्या अर्जावरचा रकाना मात्र अजून दहावीतच बसला आहे. सुश्रुताने ग्रंथी पाच सांगितल्या, वाग्भटाने नऊ. ‘इतर’ नावाची त्यात एकही नाही.

‘इतर’ हा आमचा जुना वैरी. सातबारावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा रकाना असतो. त्या ‘इतर’मध्ये बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा आणि, भावांची कृपा असेल तर, सख्ख्या बहिणी एकाच ओळीत नांदतात. वारस असूनही इतर! हा रकाना ज्या बुद्धीने आखला त्याच बुद्धीने दवाखान्याचा पडदा आखला, अशी आमची पक्की समजूत आहे. ती खोटी असली तरी सोडवत नाही. इकडे वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. बाजारात हळकुंडे आणि गड्डे एका ढिगात ओतून ‘हळद, अनिर्दिष्ट’ असा पुकारा कोणी केला, तर बोली लावायला कोण थांबेल?

डॉक्टरांना यात फार बोल लावता येत नाही. नऊचा आकडा डॉक्टरला काय कळले नाही हे सांगत नाही, कागदावर काय लिहिले नाही एवढेच सांगतो. आणि दारापर्यंत रांग असताना यादीतली सर्वांत सोपी ओळ निवडणे हा मनुष्यस्वभाव आहे. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीकडे गेली, तर नवाचे शून्य किंवा एक होऊ शकते, क्वचित भलतेच काही निघते आणि तेच वेळीच कळायला हवे असते. पण बाटली, चिठ्ठी, पुन्हा रिपोर्टसाठी हेलपाटा एवढे करण्यापेक्षा गाठ पिशवीत टाकणे बरे. त्या पिशवीचा रंग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ठरवून दिलेला आहे. पिवळा. तिथे अनिर्दिष्ट काही चालत नाही.

विमा कंपन्यांना तर हा घोळ कधी पडलाच नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत २४ महिने थांबायच्या दुखण्यांची यादी आहे. त्यात शरीराच्या आतल्या-बाहेरच्या साध्या गाठी, सिस्ट, पॉलिप, ‘कोणत्याही प्रकारच्या’, असे स्वच्छ लिहिले आहे. बहात्तरच्या पाच आकड्यांनी जे जमले नाही ते दोन शब्दांत झाले. तेव्हा एल ७२.९ वाल्यानेही दोन वर्षे थांबावे. गाठ थांबायला तयार असते. मध्येच पिकून गळू झाले, तर कोड बदलून एल ०२ होतो, आणि गळवाला मात्र मान की पाठ हे विचारून वेगळा आकडा देतात.