लघवीची गोळी आणि पाच लाखांचा विमा

आडवे होताच धाप लागते म्हणून उशांना टेकून रात्र काढणारे वृद्ध महालातील जुन्या वाड्यांत पुष्कळ घरी दिसतात. हृदय दुर्बळ झाले की मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. ते पाणी फुप्फुसांत आणि पावलांत साचते. फ्युरोसेमाइड ते बाहेर काढते. घरोघरी 'लघवीची गोळी' म्हणून ओळखले जाणारे हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून त्याची कमाल किंमत २०१३ च्या आदेशान्वये सरकार ठरविते. गोळी स्वस्त आहे, हे मान्यच केले पाहिजे.

खर्च आहे तो देखरेखीचा. रोज सकाळी वजन करावे लागते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी पुन्हा साचू लागले असे समजावे. या गोळीने रक्तातील पोटॅशियम घटते. उलट, स्पायरोनोलॅक्टोनने ते वाढते. तीव्र विकारात त्याने मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले असले, तरी रक्ततपासणीवाचून ते देणे धोक्याचेच. त्यात आमचा नागपुरी उन्हाळा! जानेवारीत योग्य असलेली मात्रा, पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा अधिक ठरू शकते. चक्कर येते, मूत्रपिंडांवर ताण पडतो. अशा वेळी मात्रा कमी करावी की नाही, हे सांगणारा डॉक्टर रुग्णाला वेळेवर भेटला पाहिजे. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर साचलेले पाणी वाढवितात, हेही कोणीतरी सांगावयास हवे.

आता सरकारी हिशेब पाहा. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. हे स्वागतार्हच. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. घरी परतल्यावर औषधे व तपासण्या फक्त पंधरा दिवस. सोळाव्या दिवसापासून पेन्शनीतून निभावायचे. तपासणी टळते, मात्रा चुकते, आणि तोच वृद्ध पुन्हा खाटेवर येतो. खाटेचा खर्च उचलणाऱ्या तिजोरीला क्रिएटिनिनची तपासणी जड का व्हावी, हे अर्थशास्त्र शिकविणाऱ्यालाही उमगत नाही.

महापालिकेच्या दवाखान्यांत अशा रुग्णांची नोंदवही ठेवावी, विनामूल्य रक्ततपासणी करावी आणि मात्रेचा फेरविचार मार्चमध्येच, ऊन तापण्यापूर्वी, व्हावा. वजनकाटा नसलेल्या घरांना तो द्यावा.