तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ कोण लिहितं?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,


२०४७पर्यंत प्रत्येकाला विमा, असं उद्दिष्ट आपल्या प्राधिकरणाने ठरवलं आहे. त्या वाटेवर आयुर्विम्याच्या प्रस्ताव अर्जातला एक रकाना आडवा येतो. तंबाखू, विडी-सिगारेट, दारू यांच्या सवयींचा.

आमच्याकडे तो कसा भरला जातो ते ऐका. एजंट ओळखीतला, बहुधा नात्यातलाच. चहा होतो, मोबाइलवर अर्ज उघडतो. समोर काका तळहातावर तंबाखूला चुना चोळत बसलेले. ‘‘तंबाखूला ‘नाही’च टाकतो काका. ‘हो’ म्हटलं की हप्ता वाढतो, वर मेडिकल मागतात.’’ काका मान डोलावतात. ‘‘आता ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’’ झाली सही. काकूंच्या अर्जात तर हा प्रश्न कुणी विचारतही नाही. त्या रोज सकाळी मिश्री लावतात, पण ते दात घासणं झालं. त्यात व्यसन कसलं, असंच घरात सगळ्यांना वाटतं.

हे एखाददुसऱ्या घरातलं नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर खाणारे, चघळणारे, लावणारे २१.४ टक्के.

खोटं लिहिणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. हप्ता जोखमीवर ठरतो. एकाने जोखीम लपवली, तर तिचा भार खरं सांगणाऱ्यांवर पडतो. ‘तीन वर्षं काढली की कंपनी काही करू शकत नाही’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. विमा कायद्याच्या कलम ४५मध्ये तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण मरण मुदत बघून येत नाही. शिवाय बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ती मुदतही नव्याने मोजली जाते.

त्या मुदतीत माणूस गेला आणि जुन्या केसपेपरवर ‘तंबाखूची सवय’ असा शेरा सापडला, की दावा अडतो. चुकीची माहिती ठरली तर भरलेले हप्ते तेवढे परत मिळतात. फसवणुकीचा ठपका आला, तर नवऱ्याचा तसा हेतू नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने वारसावर, म्हणजे बहुतेकदा बायकोवर येते. अर्ज भरताना ती स्वयंपाकघरात चहा करत होती. ती काय सिद्ध करणार?

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. विम्याची बोलणी करून करार जुळवणारा माणूस त्या करारापुरता कंपनीचा प्रतिनिधी मानला जातो. आणि कंपनीला जी गोष्ट ठाऊक होती, ती लपवली म्हणून फसवणुकीचा ठपका ठेवता येत नाही. मग काकांचा चुना-तंबाखू एजंटने डोळ्यांनी पाहिला असेल, तर तो कंपनीने पाहिला असं का धरू नये? आज ते सिद्ध करायला कागदच नसतो. तो कागद तयार व्हावा, एवढंच मागणं आहे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. सवयींचे प्रश्न ग्राहकाच्या भाषेत, मिश्री, तपकीर, मावा, खर्रा, विडी अशी नावं घेऊन विचारले जावेत. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांचे हप्ते ओटीपीआधी ग्राहकाला शेजारीशेजारी दिसावेत. आणि ‘हा प्रश्न मी विचारला, हे उत्तर मी ऐकलं’ अशी एजंटची वेगळी सही त्याच रकान्याखाली असावी.

पॉलिसी हातात आल्यावर ती नाकारायला ३० दिवस मिळतात. त्याच काळात सवयींची उत्तरं एका पानावर, मराठीत ग्राहकाकडे यावीत आणि चुकलेलं उत्तर दंडाविना दुरुस्त करता यावं. वाढीव हप्ता भरायला पुष्कळ जण तयार होतील. तो किती, हे त्यांना आज कुणी सांगतच नाही.

ग्राहकाने खरं सांगावं, ही अपेक्षा रास्तच आहे. तेवढीच अपेक्षा त्याच्या वतीने बटण दाबणाऱ्याकडूनही आपण लेखी ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक विमाधारक