पिक्चर संपल्यावर फौजी कुठे जातो?

जानेवारी २०१९. बर्डीवरचं मल्टिप्लेक्स, शनिवारचा संध्याकाळचा शो आणि ‘उरी’ हाऊसफुल. माझ्या मांडीवर पॉपकॉर्नचा टब, शेजारी आमचा धाकटा मामेभाऊ. वय वीस, नोकरी फौजेत. कामठीला ट्रेनिंग झालं आणि पहिलंच पोस्टिंग थेट बर्फात. पोरगा पहिल्यांदा मोठ्या सुटीवर आलाय, तर त्याला आर्मीचा पिक्चर दाखवू, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. बँकेतल्या माणसाला रविवारी पासबुक भरायला न्यावं, तसला हा प्रकार. पण तेव्हा ते कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

पडद्यावर जोश विचारला गेला आणि अख्खं थिएटर ओरडलं. मीही ओरडले. क्लायमॅक्सला शेजारी बघते तर काय… साहेब गाढ झोपलेले! हातात अर्धा समोसा तसाच.

बाहेर आल्यावर आम्ही त्याची यथेच्छ उडवली. थंडी मस्त पडली होती, गरमागरम सांबारवडी घेतली.

“काहून झोपला बे?” मी विचारलं.

“घरच्यांच्या मधात बसलो होतो ना ताई. अशी झोप तिकडे नाही लागत.”

मग बाकीचे चहा आणायला गेले तेव्हा तो आपणहून बोलला. त्याच्या युनिटमधला एक दोस्त गेला होता. “दुश्मन नाही, गोळी नाही. गाडी घसरली.” त्या दोस्ताची काळी ट्रंक घरी पाठवायची होती. आतल्या सामानाची यादी करायचं काम याच्यावर आणि आणखी एकावर आलं. “बनियान चार. दाढीचं सामान. चार्जर एक. आणि आईनं दिलेला लाडवाचा डबा, अर्धा संपलेला. ते कसं लिहायचं तेच समजेना.”

“मग?”

“लिहिलं… डबा, एक.” थोडं थांबून म्हणाला, “पिक्चरमध्ये यादी नाही दाखवत.”

त्या दिवसापासून वॉर फिल्म बघताना माझं लक्ष भलतीकडेच असतं. कोण किती शत्रू मारतो हे मी मोजत नाही. पडद्यावरचं पोरगं आत जाताना काय होतं आणि बाहेर येताना काय उरतं, ते बघते.

आपल्या हिंदी सिनेमाचा फंडा एकदम क्लिअर आहे. पोरगं जातं, मर्द परत येतो. फरहान अख्तरचा ‘लक्ष्य’ (२००४) आठवा. आयुष्यात काय करायचं हेच ठाऊक नसलेला दिल्लीचा करण शेरगिल डेहराडूनच्या अकादमीतून पळून येतो, पुन्हा जातो आणि कारगिलच्या शिखरावर पोचतो. सॉलिड सिनेमा, मी आजही कधीही बघेन. पण त्यात करणचं पोरपण म्हणजे निव्वळ आळस. ते गेलं तर बरंच झालं, पार्टी करा!

जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) अक्षय खन्नाचा हात पहिल्यांदा माणूस मारायच्या वेळी आखडतो. केवढा खरा क्षण आहे हा! पण सिनेमाला ती कमजोरी वाटते. तिच्यावर मात करायची आणि पुढे शहीद व्हायचं. याच सिनेमात सुनील शेट्टीनं रंगवलेले भैरोंसिंग लोंगेवालाच्या लढाईत मरतात. खरे भैरोंसिंग राठोड मात्र त्या लढाईतून जिवंत परतले आणि थेट डिसेंबर २०२२ मध्ये वारले. म्हणजे १९७१ नंतर ५१ वर्षं जगले. ही ५१ वर्षं सिनेमाला नको होती. मेलेला जवान पडद्यावर शोभून दिसतो. परत आलेल्याचं काय करायचं, ते स्क्रिप्टला सुचत नाही.

बाहेरच्या काही सिनेमांनी हीच गोष्ट उलटी सांगितली. २०२२ चा जर्मन ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ बघा. सुरुवातीलाच एका मेलेल्या सैनिकाचा युनिफॉर्म काढतात, धुतात, भोकं शिवतात आणि हसत-खेळत भरती झालेल्या पॉलच्या हातात देतात. आत आधीच्याच्या नावाची पट्टी तशीच! पॉल साहेबाला विचारतो, तो पट्टी फाडून टाकतो आणि काहीतरी थाप मारतो. पॉलनं एकही गोळी झाडायच्या आत सगळं सांगून झालेलं असतं. मला तर ती काळी ट्रंकच आठवली.

दुसरा एलेम क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’ (१९८५). १९४३ चा बेलारूस, हौसेनं बंदूक हातात घेणारा एक मुलगा, आणि सिनेमाभर म्हातारा होत जाणारा त्याचा चेहरा. हा रविवारी जेवणानंतर लावू नका, प्लीज.

पण आपल्याकडे असं काहीच नाही, असंही नाही. नाना पाटेकरनं दिग्दर्शित केलेला ‘प्रहार’ (१९९१) आहेच. आपल्याला त्यातला कडक मेजर चव्हाण लक्षात राहतो. मी म्हणते, या वेळी पीटर डिसोझाकडे बघा. बेकरीवाल्याचा हा पोरगा कमांडो होतो, एका मोहिमेत पाय गमावतो आणि घरी येऊन पुन्हा बेकरी चालवायला लागतो. मग गल्लीतले गुंड हप्ता मागतात. ज्यांच्यासाठी तो लढला ते शेजारी दारं लावून घेतात. फौजेत शाबूत राहिलेला त्याचा विश्वास इथे, घराजवळ तुटतो. आणि २०२६ च्या सुरुवातीला आलेल्या श्रीराम राघवनच्या ‘इक्कीस’नं एकविसाव्या वर्षी गेलेल्या अरुण खेत्रपालच्या गोष्टीत त्याच्या म्हाताऱ्या बापालाही जागा दिली. रणगाडे थांबल्यावर तीस वर्षांनी त्या घरात काय उरलंय, हे आपल्या सिनेमात किती वेळा बघायला मिळतं?

हा फक्त सिनेमाचा विषय असता तर मी रेटिंग देऊन मोकळी झाले असते. पण २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाचा नियम होता, साडेसतराव्या वर्षापासून भरती, चार वर्षं नोकरी आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. बाकीचे बाविशी-पंचविशीत परत येणार. म्हणजे आपल्या वयाचे किंवा लहानच. उद्या तुमच्या टीममध्ये, शेजारच्या डेस्कवर असा कोणी बसेल. तेव्हा पहिल्याच पार्टीत “किती जणांना उडवलं?” असं विचारू नका. चहा पाजा. बोलायचं असेल तर तो बोलेल.

त्या रात्री आम्ही जिथे सांबारवडी खात उभे होतो, तिथून सीताबर्डीची टेकडी फार लांब नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच जागी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी भिडल्या. कंपनीकडूनही बहुतेक देशी शिपाईच लढले. त्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून आकडा ३६७. वर किल्ल्यात त्या लढाईतल्या कबरी आहेत. किल्ला लष्कराकडे असल्यानं एरवी बंद, पण राष्ट्रीय सणांना आत सोडतात. आपण खाली सेलमधले कुर्ते घेतो आणि वर बघतही नाही. त्या ३६७ मध्येही वीस वर्षांची पोरं असतीलच की. त्यांच्या सामानाची यादी कोणी केली असेल?

आमचा मामेभाऊ आता सत्तावीसचा आहे. अजून फौजेतच. सुटी संपवून निघताना मामी दरवेळी लाडवाचा डबा देते आणि तो दरवेळी नागपूर स्टेशनवरच डबा उघडतो. आम्हाला, शेजारच्या बाकावरच्या लोकांना, हमालाला, सगळ्यांना वाटतो. गाडी यायच्या आत डबा रिकामा झाला पाहिजे, असा त्याचा हट्ट.

आम्ही खातो. कोणी काही विचारत नाही.